ताडकळसची दंतकथा

मी तोंडाला रुमाल लावून दवाखान्यात शिरले तेव्हा डॉक्टर एका पायावर उभे होते.

दुसरा पाय गुडघ्यात दुमडून छातीशी घेतलेला, दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले आणि नजर टेबलावरच्या मोबाइलवर. मोबाइलमध्ये पांढऱ्या भुवयांचा एक चिनी म्हातारा अगदी तसाच उभा होता. म्हातारा पाण्याच्या रांजणाच्या काठावर उभा होता आणि डॉक्टर सपाट फरशीवर, तरी डगमगत होते ते डॉक्टरच.

मला बघून त्यांनी पाय खाली घेतला, चष्मा नीट केला आणि काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाले, "या. काय झालं?"

मी रुमाल काढला. वरचा पुढचा दात अर्धा तुटला होता.

"अरे... कुणी मारलं?"

"मनिथानं."

"कोण मनिथा?"

"मनिथा नाही, मनिथा," मी चिडून म्हणाले. जिभेला दात सापडत नव्हता आणि वारा नुसता आरपार जात होता. शेवटी बोटांनी सात दाखवले. "थातवी ब."

"सातवीतल्या पोरीनं? आणि तुमी तिच्या...?"

"कराटेच्या मॅडम."

ते हसले नाहीत. हसू दिसू नये म्हणून त्यांनी घाईघाईनं मास्क वर ओढला. पण डोळ्यांना कुठं मास्क असतो.

त्यांचं नाव सिद्धोधन. जवळच्याच पूर्णा गावचे. दवाखानाही पूर्णेतच, पण बाजाराच्या दिवशी ते ताडकळसला येऊन बसायचे. मी संघप्रिया, याच गावची. परभणीला जाऊन, एसटीचे धक्के खाऊन ब्लॅक बेल्ट मिळवला होता, आणि शाळेनं मला मुलींना स्वसंरक्षण शिकवायला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. त्या सकाळी मी मनिषाला म्हणाले होते, "बिनधास्त लाथ मार, मी बाजूला होते." तिनं बिनधास्त मारली. बाजूला व्हायचं तेवढं माझ्याकडून राहिलं.

"नस उघडी पडली आहे. रूट कॅनल करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "तीन-चार वेळा यावं लागेल. भीती वाटते?"

मी नाही म्हणून मान हलवली. खरं तर दार किती पावलांवर आहे ते मोजत होते.

"मी पेशंटला गोष्ट सांगतो. लक्ष दुसरीकडं राहतं. तुमाला कराटेचे पिक्चर आवडतच असतील?"

मी इतक्या जोरात नकार दिला की त्यांच्या हातातली सुई मागं गेली. कारण त्या पिक्चरांनी मला बेजार केलं होतं. गावात जो भेटेल तो विचारायचा, मॅडम, वीट फोडता का? भिंतीवरून पळता का? एका आजीनं तर उडून दाखव म्हणून हात जोडले होते. सहा वर्षं घाम गाळून मी काय शिकले, ते विचारायला कुणी तयार नव्हतं.

"बिल्कुल आवडत नाहीत?" डॉक्टरांच्या आवाजात इतकं दुःख होतं, की जणू त्यांच्या घरच्या माणसालाच मी नावं ठेवली होती. "मग तर सांगावंच लागेल. आ करा."

मी आ केला आणि अडकले. तोंडात कापसाचे बोळे, गालाला बधिरपणा, आणि वरून ते बोलायलेत.

"शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. पिक्चरला आवाज नव्हता तेव्हाची. शांघायमध्ये तलवारीचे मूकपट निघायचे. लोकांना एवढं वेड लागलं, की पोरं घर सोडून डोंगरात गुरू शोधायला निघाली म्हणे. शेवटी सरकारनं बंदी घातली. आणि मॅडम, त्या पिक्चरांत तलवार घेऊन पुढं कोण असायचं, सांगा."

"आँ?"

"बाया."

मी डोळे मोठे केले. एवढंच करता येत होतं.

"पुढं साठच्या दशकात हाँगकाँगला परत तलवारी निघाल्या, तेव्हाही बायाच पुढं. मग सत्तरच्या आसपास बाप्ये आले, शर्ट काढून. तेव्हापासून तुमाला वाटायलंय की हे सगळं बाप्यांचंच आहे."

मला असं काहीच वाटत नव्हतं आणि ते सांगताही येत नव्हतं. मी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

"दुखलं का?" ते एकदम खाली वाकले. डोळे अगदी जवळ... मऊ, थोडे घाबरलेले. इतक्या जवळून कुणी मला "दुखलं का" असं कधी विचारलं नव्हतं. कराटेत विचारत नाहीत.

दुखलं नव्हतं. तरी मी हळूच मान हलवली.

पुढच्या बाजाराला मी वही घेऊन गेले. आठवडाभरात सुचलेले सगळे मुद्दे मोठ्या अक्षरांत, पानाला एक असे लिहून काढले होते. तोंड त्यांच्या ताब्यात असलं तरी हात माझे मोकळे होते.

त्यांनी दातात बारीक सुई घातली आणि म्हणाले, "तर कुठं होतो आपण—"

मी पहिलं पान वर धरलं. 'एकटा माणूस चाळीस जणांना मारतो. बाकीचे एकोणचाळीस रांगेत का थांबतात?'

डॉक्टरांनी वाचलं. जरा विचार केला. "शिस्त आहे त्यांच्यात. आपल्या एसटीला असती तर बरं झालं असतं."

मला हसू आलं आणि सगळी लाळ घशात गेली. दोन मिनिटं मी खोकत राहिले आणि ते पाण्याचा पेला धरून उभे राहिले.

दुसरं पान: 'माणूस उडत नाही.'

"तार बांधतात. हे कबूल. पण मॅडम, तारा सगळेच बांधत नाहीत. काही जण खरोखर माडीवरून उड्या टाकायचे, हाडं मोडून घ्यायचे आणि पिक्चर संपल्यावर तेही दाखवायचे. मी लहानपणी तोच भाग परत परत बघायचो. पडलेला माणूस आधी हसतो, मग विव्हळतो."

तिसरं पान: 'तुम्ही स्वतः कधी कुणाला एक बुक्की तरी मारली आहे का?'

सुई थांबली. "नाही," ते म्हणाले. "एकदा मारणार होतो. पण त्याचा दात दुखत होता."

तेव्हा त्यांनी वडलांची गोष्ट सांगितली. वडील रेल्वेत रुळांवर काम करायचे. दिवसभर हातोडा आणि मुकादमाच्या शिव्या. पूर्णेत तेव्हा व्हिडिओवर कराटेचे पिक्चर लागायचे. तट्ट्याच्या भिंती, समोर एक टीव्ही, शंभर माणसं. भाषा कुणालाच कळत नव्हती. पण एक वाळकुडा पोरगा मार खातो, म्हाताऱ्या उस्तादाकडं जातो, पाणी भरतो, झाडलोट करतो, आणि एक दिवस उभा राहतो, हे कळायला भाषा कशाला लागते.

"माझे वडील पाच फूट दोन इंच," डॉक्टर म्हणाले. "पण पिक्चर बघून घरी यायचे तेव्हा दारात वाकून आत शिरायचे."

माझ्याकडं अजून चार पानं होती. मी वही मिटून मांडीवर ठेवली.

"थुंका," ते हलकेच म्हणाले. इतक्या मायेनं कुणी कुणाला थुंका म्हणालं असेल, असं मला वाटत नाही.

आईनं त्या दिवशी विचारलं, "दात काढायला गेलतीस का हसायला?"

आनंद तेवढा आठवडाच टिकला. शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बालाजीराव, म्हणजे मनिषाचे वडील. माझ्या दाताची बातमी गावभर फिरून त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा दाताचे तीन दात झाले होते. ते शाळेत आले आणि मुख्याध्यापिकांसमोर मला म्हणाले, "मॅडम, आज पोरीनं तुमचा दात पाडला. उद्या सासरी जाऊन कुणाचा पाडंल? लय झालं हे. शनिवारी मिटिंग घेतो. क्लास बंद."

"पण चूक माझी होती. तिनं लाथ बरोबर मारली."

"त्येच म्हणायलोय मी. बरोबर कशाला मारावी?"

दोन महिन्यांत सदतीस मुली मान वर करून चालायला लागल्या होत्या. त्यांना काय सांगायचं, या विचारानं मला जेवण जाईना. तिसऱ्या बाजाराला मी दवाखान्यात गेले ती रडवेली होऊनच. डॉक्टरांनी दातात तात्पुरता मसाला भरला आणि मी सगळं सांगितलं.

'बालाजीराव' हे नाव ऐकल्यावर त्यांचा हात थबकला. चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. हसू होतं... की आठवण?

"तुम्हाला त्यांच्याबद्दल काही माहीत आहे," मी म्हणाले.

"ते माझे पेशंट आहेत."

"मग सांगा ना. मला उपयोग होईल?"

त्यांनी हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाले, "होईल. पण खुर्चीत बसून माणूस जे सांगतो, ते बाहेर नाही नेता येत."

"सदतीस मुलींचा प्रश्न आहे, डॉक्टर."

"माहीत आहे."

"एवढे पिक्चर बघितलेत. त्यातला हिरो असा गप्प बसतो का?"

"नाही बसत," ते खाली बघत म्हणाले. "पण त्यांच्यात कुणी दातांचा डॉक्टर नसतो."

मी उठले, चप्पल घातली आणि निघून आले. दार जोरात लावलं. घरी येईपर्यंत राग होता. घरी आल्यावर कळलं, की राग फक्त वरवरचा आहे. खाली काहीतरी वेगळंच दुखत होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, माणूस बरोबर होता. माझं गुपित त्याच्याकडं असतं, तर त्यानं तेही असंच सांभाळलं असतं.

शनिवारी वर्गात सतरंजी टाकून समिती बसली. आणि दारातून डॉक्टर सिद्धोधन आत आले. मी चमकले. त्यांना बालाजीरावांनीच बोलावलं होतं, इजा किती मोठी ते सगळ्यांसमोर सांगायला.

"अर्धा दात," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. "उपचार होत आला. पुढच्या वेळी कॅप बसवली की पूर्वीसारखं."

"म्हंजी मोडला न्हवं," बालाजीराव समितीकडं वळले. "ह्ये सगळं पिक्चरचं खूळ हाय. काय ठिवलंय त्यात? खामखा मारामाऱ्या."

आता डॉक्टर गप्प राहतील असं मला वाटलं. पण पिक्चरचं नाव निघालं होतं.

"काय ठेवलंय ते मला सांगता येईल," ते म्हणाले. "एक मिनिट बोलू का?"

आणि ते बोलले. मूकपटांपासून सुरुवात केली, बाया आल्या, तलवारी आल्या, उघड्या अंगाचे हिरो आले. दक्षिणेतला एक भिक्खू समुद्र ओलांडून चीनला गेला, तिथल्या विहारात नऊ वर्षं भिंतीकडं तोंड करून बसला, आणि ध्यान करून आखडलेल्या भिक्खूंना त्यानं व्यायाम शिकवला, तीच कुंगफूची सुरुवात, असं लोक मानतात, हेही सांगितलं. "ही दंतकथा आहे," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पुरावा नाही." समितीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "दातांचा डॉक्टर दंतकथाच सांगंल की."

मग ते पूर्णेच्या व्हिडिओवर आले. तट्ट्याच्या भिंती, शंभर माणसं. मी बालाजीरावांकडं बघत होते. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं. मग पाहायचं थांबवलं. मग जरासे पुढं सरकले.

"एक पिक्चर होता," डॉक्टर म्हणाले. "पांढऱ्या भुवयांचा उस्ताद. पोरगा शागीर्द व्हायला येतो, तर उस्ताद त्याला सहा महिने नुसतं पाणी भरायला लावतो—"

"तीन वर्षं," बालाजीराव म्हणाले.

सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"सहा म्हयने न्हाई. तीन वर्षं भरतो पाणी," बालाजीराव पुटपुटले. मग कळलं असावं, की आता माघार नाही. "म्या सात बारी बघितला हाय त्यो. ताडकळसवरून सायकल हाणत जायचो पूर्णेला."

"तुमी?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मंग? दहावीला होतो. कुदळीच्या दांड्याचे दोन तुकडे केले, मधी सायकलची चैन लावली आन् गोठ्यात फिरवायला शिकलो." ते थांबले. एकदा डॉक्टरांकडं पाहिलं, आणि मग स्वतःच ओठ वर करून दोन पुढचे दात सगळ्या समितीला दाखवले. "ह्ये दोन नकली हायत. आईला सांगितलं, गोऱ्ह्यानं मारलं. त्या बिचाऱ्या गोऱ्ह्याला लय दिवस पेंड कमी भेटली."

सगळा वर्ग हसला. हसणं ओसरल्यावर बालाजीराव सतरंजीकडं बघत बोलू लागले. "शाळेच्या वाटंवर चार टगे बसायचे तवा. रोज टोपी काढून घ्यायचे, रडवायचे. एकदा तरी हात उचलावा वाटायचं. त्यापायी शिकायचं होतं. शिकवणारं कुणी न्हवतं."

खिडकीत मुली जमल्या होत्या. त्यातून मनिषाचा आवाज आला. "बाबा, आमच्या वाटंवर बी बसतेत."

बालाजीराव वळले. "कोण?"

"आता न्हाई बसत. मागल्या म्हयन्यात एकानं ओढणी धरली. मी त्याचं मनगट पिरगाळलं, मॅडमनं शिकवल्यावाणी. मारलं न्हाई. नुसतं पिरगाळलं."

"घरी का न्हाई सांगितलं?"

"तुमी शाळा बंद केली असती."

बालाजीरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि मुख्याध्यापिकांना म्हणाले, "लिहा बाई. क्लास चालू ठिवायचा. तीन म्हयने न्हाई, वर्षभर." आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी तेवढं बाजूला होत जा."

बाहेर लिंबाच्या झाडाखाली मी डॉक्टरांना गाठलं.

"हेच होतं ना, जे तुम्ही सांगत नव्हतात?"

"मी आताही काहीच सांगितलं नाही," ते म्हणाले. "मी फक्त पिक्चरची गोष्ट चुकवली."

"मुद्दाम चुकवली?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तीन वर्षं पाणी भरतो, हे पूर्णेतल्या लहान लेकराला सुद्धा माहीत आहे, मॅडम."

मला काहीतरी छान बोलायचं होतं. दात आधाराला असता तर कदाचित बोललेही असते.

चौथ्या बाजाराला कॅप बसली. आरशात पाहिलं तर दात पूर्वीपेक्षाही देखणा. मी "सातवी ब, सातवी ब" असं चार वेळा म्हणून बघितलं. मग खुर्चीतून उठायचं सोडून विचारलं, "बाकीचे दात... एकदा बघता का? एखादी कीड वगैरे?"

त्यांनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. प्रत्येक दात दोनदा. मग आरसा खाली ठेवला आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "एकदम पक्के आहेत. परत यायची गरज नाही."

प्रामाणिक माणसांचा कधी कधी फार राग येतो.

आठ दिवस मी मुलींना इतकं पळवलं, की मनिषा म्हणाली, "मॅडम, आमचं काय चुकलं का?"

नवव्या दिवशी सकाळी मैदानावर मुली रांगेत उभ्या होत्या आणि शेवटच्या रांगेच्या मागं, कोरा पांढरा कराटेचा ड्रेस घालून, बाह्या दोनदा दुमडून डॉक्टर सिद्धोधन उभे होते. कमरेचा पट्टा त्यांनी पायजम्याच्या नाडीसारखा बांधला होता. मुली हसून हसून वाकल्या होत्या.

"हे काय?" मी म्हणाले.

"शिकायचं आहे. तुमीच विचारलं होतं, कधी बुक्की मारली का म्हणून."

"हा मुलींचा वर्ग आहे."

"मुख्याध्यापिकांना विचारलं. त्या म्हणाल्या, पोरींना लाथा मारायला समोर कुणीतरी लागतंच."

मी मुलींना तीस बुक्क्या मारायला सांगितल्या आणि मनिषाला मोजायला लावलं. मग त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मूठ दाखवा."

त्यांनी दाखवली. चारशे पिक्चर बघितलेला माणूस, आणि अंगठा मुठीच्या आत.

"असा मारलात तर पहिल्या फटक्यात अंगठा मोडेल. मग दात कसे काढाल?" मी त्यांची बोटं एक एक उघडली. फार नाजूक, स्वच्छ बोटं... सुई धरणारी. एक एक परत मिटली. अंगठा बाहेर काढून बोटांवर ठेवला. हे काम क्षणात होतं. मला बराच वेळ लागला.

"...अकरा, बारा," मनिषा मोजत होती.

"संघप्रिया," ते म्हणाले. मॅडम नाही. "मला कराटे शिकायचं नाही."

"मग?"

"त्या पिक्चरांमध्ये एक गोष्ट मला कधीच आवडली नाही. हिरो सगळं जिंकतो, आणि शेवटी पाठीला गाठोडं बांधून एकटा डोंगराकडं निघून जातो. मागं ती दारात उभी असते. हा बावळट तिच्याशी एक शब्द बोलत नाही." मूठ अजून माझ्या हातात होती. "मला डोंगराकडं नाही जायचं. मला... तुमच्या घरी यायचंय. आई-बाबांना भेटायला. तुमी म्हणाल तर."

वारा नव्हता, तरी माझ्या कानात नुसता वारा भरला होता. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. पहिल्या दिवशी वाकून "दुखलं का" म्हणणारे तेच डोळे, तेवढेच घाबरलेले.

"आई विचारेल, मुलगा काय करतो," मी म्हणाले.

"दात बघतो म्हणा."

"आणि रिकाम्या वेळात?"

"एका पायावर उभा राहतो."

मला हसू आवरेना. "रविवारी या. दुपारी. आई पुरणपोळी करते. आणि हा ड्रेस घालून येऊ नका."

"म्हणजे... हो?"

"हो."

त्यांनी मूठ उघडली आणि माझा हात धरला. मीही सोडवला नाही. असा धरलेला हात सोडवायचे अकरा प्रकार मला येतात. त्या सकाळी एकही आठवला नाही.

मागं मैदानावर सदतीस मुली आमच्याकडं बघत बुक्क्या मारत होत्या, आणि मनिषा अगदी गंभीर आवाजात मोजत होती, "...सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस..."